पाटकऱ्याचा मंत्रचळ

त्या वर्षी धरण जेमतेम निम्मं भरलं, आणि निम्म्या धरणात सगळ्यांची तहान भागवायची म्हणजे पाटकऱ्याच्या जिवाला घोर. पाटाला पाणी सुटलं की कुणाच्या चारीचं, म्हणजे शेतांकडे वळणाऱ्या फाट्याचं, दार कधी उचलायचं आणि कधी पाडायचं, हे त्याचं काम. दारं लोखंडी, वर आट्यांचा दांडा, दांड्याच्या डोक्यावर चाक. चाक फिरवलं की दार खाली बसतं. मग साखळीचे वेढे द्यायचे, कुलूप घालायचं आणि सायकलवर टांग टाकून पुढच्या दाराकडे निघायचं. त्याच्या बापानं जन्मभर हेच केलं होतं आणि काम करता करता गाणीही म्हटली होती.

पोराला मात्र गाणी कुठली सुचायला! तो पुढच्या दाराकडे जायचा आणि अर्ध्या वाटेतून परत यायचा.

त्याच्या बायकोला लहानथोर सगळे वहिनीच म्हणत. ती पाटाच्या कडेला असलेल्या रोपवाटिकेत कामाला होती. उकिडवं बसून काळ्या पिशव्यांत माती भरायची, बोटानं भोक पाडून बी टोचायचं, झारीनं पाणी शिंपायचं. तिथून तिला पहिलं दार सरळ दिसायचं, आणि त्यावर वाकलेली नवऱ्याची पाठही. पाठ सरळ झाली, सायकल हलली, की वहिनी मनातल्या मनात म्हणायची, जा आता, जा. सायकल वाटेतल्या बाभळीपर्यंत जायची. तिथं पाय टेकायचे. मान मागं वळायची. आणि मग सायकल वळायची.

पुन्हा कुलूप ओढून बघायचं. साखळी चाचपायची. चाकाला दोन्ही हातांनी हिसडा द्यायचा, दार खरंच तळाला टेकलंय ना म्हणून. पाण्याच्या कडेला पालथं पडून फटीतून थेंब झिरपतोय का ते बघायचं. कपडे पुढून चिखलानं माखायचे. चाकाचं लोखंड उन्हानं तापलेलं असायचं आणि त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती. घरी जेवताना भाजीचं तिखट त्या तळव्यांना झोंबायचं, तेव्हा तो चमच्यानं जेवायचा आणि म्हणायचा, सहज.

असं दोनचारदा झालं की तो रोपवाटिकेच्या कुंपणाशी येऊन उभा राहायचा.

"अगं, जरा येतेस?"

वहिनी हात पुसत उठायची. दाराशी जाऊन कुलूप ओढायची.

"लागलंय हो."

"नीट बघितलंस?"

"हात लावून बघितलं. लागलंय."

तेवढ्यानं त्याचा चेहरा उजळायचा, आणि तो खरंच निघून जायचा. तिला बरं वाटायचं. आपल्या एका शब्दानं माणसाचा जीव भांड्यात पडतो, यापेक्षा बायकोला काय हवं! पण आधी दिवसातून एकदा लागणारा हा शब्द हळूहळू प्रत्येक दाराला लागू लागला. रोपवाटिकेची मुकादमीण एकदा म्हणालीच, "वहिनी, तुम्ही रोपांच्या कामाला आहात की कुलपांच्या?" बाकीच्या बाया हसल्या. वहिनीही हसली, पण कानशिलं तापली.

या सगळ्यात पाणी मात्र वाट बघत नाही. वरच्या दारांशी पाटकरी घुटमळला की खालची दारं उशिरा उघडायची, आणि शेवटच्या चारीवर पाणी पोहोचेपर्यंत पाणी सोडायची पाळी संपून जायची.

शेवटच्या चारीवर एक कांदेवाला होता. आडवा माणूस, आवाज असा की बांधावर बोलला तर पलीकडच्या रानातली पाखरं उडावीत. एका सकाळी तो आणखी चौघांना घेऊन थेट पाटकऱ्याच्या अंगणात आला. पाटकरी हातपाय धूत होता. त्याची आई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. कांदेवाल्यानं हातातली कांद्याची पात त्याच्या पायाशी टाकली. शेंडे पिवळे पडून मुरगळले होते.

"बघ. ओळखतोस का? कांदा म्हणतात याला."

"उशीर झाला, मान्य आहे," पाटकरी म्हणाला. "उद्याच्याला—"

"उद्याच्याला काय? वरच्यांचं पोट भरलं की आमच्याकडे बघणार तू? सगळे बघतात, तू तासतासभर वरच्या दाराशी काय करतोस ते. दार बंद करतोस की थोडं उचलून ठेवतोस? कुणी हात ओले केलेत तुझे?"

पाटकऱ्याच्या हातातून पाणी ओघळत होतं. हात ओले, हे ऐकून चौघांतला एक जण फिसकन हसला.

"मी दार उचलत नाही," तो म्हणाला. "मी बंद करतो. बंद झालंय का बघतो."

"दार बंद झालंय का बघायला माणसाला दिवस लागतो का रे?"

खरं सांगितलं असतं तरी कुणाचा विश्वास बसला नसता. त्याची लेक चिमी दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. ती आत वळली आणि शाळेची वेळ टळून गेली तरी बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी पाटाचे साहेब जीपमधून आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "तुझ्या वडिलांकडे बघून गप्प आहे. ही पाळी संपू दे. पुढच्या पाळीला शेवटच्या चारीला वेळेवर पाणी मिळालं नाही, तर चाव्या दुसऱ्याच्या हातात देईन. मग मला नावं ठेवू नकोस."

वहिनीनं हातपाय गाळले नव्हते. औषधाच्या दुकानातून ताकदीचं टॉनिक आणलं. पाटकऱ्याला भूक लागायला लागली, फेऱ्या तशाच. मग बाजारपेठेतल्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, जीभ बघितली, म्हणाले, टेन्शन आहे, घेऊ नका. झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी पाटकरी सकाळी पेंगुळलेला राहायला लागला, आणि पेंगुळल्यामुळे आपण दार नीट पाडलं की नाही याची शंका दुप्पट झाली. चार गोळ्या खाऊन त्यानं बाकीच्या पत्र्यावर टाकून दिल्या.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. "त्यात आजार कसला? लहानपणापासून जबाबदार आहे तो. शेळ्यांच्या खोपटाची कडी लावली का म्हणून अंथरुणातनं उठून बघायचा. शाळेत एकच ओळ खोडून खोडून लिहायचा, कागदाला भोक पडेपर्यंत. मास्तरांनी छड्या मारल्या, पण पोरानं चूक राहू दिली नाही!"

ही गोष्ट त्या घरात कौतुकानं सांगितली जायची. वहिनीनं ती लग्न झाल्यापासून कितीदा तरी ऐकली होती. त्या दिवशी मात्र तिच्या नजरेसमोर छड्या खाणारं, तरी ओळ खोडणारं ते पोर आलं, आणि तिला कौतुक वाटलं नाही.

वाट दाखवली ती नर्सबाईंनी. त्या आपल्या स्कूटरवरून सासूबाईंचं ब्लडप्रेशर बघायला यायच्या. पट्टा गुंडाळता गुंडाळता त्यांची नजर पाटकऱ्याच्या तळव्यांकडे गेली.

"हे काय?"

"चाकानं होतं," तो म्हणाला आणि मुठी मिटल्या.

"चाक तर तुमच्या वडिलांच्याही हातात होतं. त्यांच्या हाताला घट्टे होते. हे सोलवटलेलं आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "किती वेळा फिरवावं लागतं?"

पाटकरी उठून बाहेर गेला. उत्तर वहिनीनं दिलं. एकदा बोलायला लागली तशी सगळं बोलून गेली. बाभूळ, कुंपण, मुकादमीण, कांद्याची पात, सगळं. नर्सबाईंनी पट्टा पिशवीत ठेवला. शेवटी म्हणाल्या, "वहिनी, मला नाव माहीत नाही याचं, आणि नसलेलं शहाणपण मी दाखवणार नाही. पण मोठ्या दवाखान्यात बुधवारी मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई येतात. त्यांना दाखवा. असे लोक तिथं येतात, मी पाहिलेत."

पाटकरी नाहीच म्हणाला. "वेड्यांच्या डॉक्टरकडे? आधी चोर ठरवलं, आता वेडा ठरवा. दोन्ही पाट्या गळ्यात अडकवून फिरतो."

वहिनीनं वाद घातला नाही. पानात भाकरी वाढली, समोर बसली आणि म्हणाली, "तुम्ही वेडे असता तर मला कधीच कळलं असतं, मी रोज तुमच्याबरोबर जेवते. पण तुम्हाला त्रास होतोय. दात दुखला तर दाताच्या डॉक्टरकडे जातोच ना आपण? मन दुखतंय, तर मग कुठं जायचं, भांड्यांच्या दुकानात?"

त्याला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, आणि हसताना डोळे भरले म्हणून त्यानं पानात मान घातली.

बुधवारी ते तिघं गेले. सासूबाईही. "माझ्या पोराला कोण काय म्हणतंय ते मला ऐकायचंय," असं म्हणून त्या सगळ्यांच्या आधी चपला घालून तयार होत्या.

दवाखान्याची ती खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. एक कॉलेजातली मुलगी, तिच्या शेजारी तिचा बाप हातात हेल्मेट घेऊन. एक ट्रक ड्रायव्हर. एक बाई, जिचा मुलगा बाकाखाली शिरून सगळ्यांच्या चपला रांगेत लावत होता, आणि बाई ज्याच्या त्याच्याकडे ओशाळून बघत होती. पाटकऱ्यानं आपल्याही चपला काढून त्या पोराच्या पुढ्यात सरकवल्या. पोरानं त्या रांगेत लावल्या. बाईचा चेहरा जरा सैल झाला. वहिनीला वाटलं होतं, इथं किंचाळणारी, केस पिंजारलेली माणसं असतील. ही तर बसथांब्यावर दिसतात तशीच होती.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, पिकल्या केसांच्या, घसा बसलेल्या. त्यांनी घाई केली नाही. आधी झोप विचारली, भूक विचारली. दारू विचारली, तो नाही म्हणाला. कामाबद्दल विचारलं, आणि दार कसं पाडतात, आटे कसे बसतात, हे अगदी मन लावून ऐकून घेतलं. सतत रडू येतं का? जगू नये असं वाटतं का? मधूनच कधी फार आनंद, फार जोर चढतो का? मग विचारलं, "परत जा, बघून ये, असं कोण सांगतं तुम्हाला? बाहेरून आवाज ऐकू येतो कुणाचा?"

"नाही, नाही. मीच. माझ्याच मनात येतं."

"आणि ते खरं वाटतं तुम्हाला? दार उघडं राहिलं असं?"

पाटकऱ्यानं सोलवटलेले तळवे चोळले. मग म्हणाला, "डोळ्यांनी बघितलेलं असतं बाई, बंद आहे. कुलूप ओढलेलं असतं. कळतं मला, हा येडेपणा आहे. पण बाभळीपाशी आलो की पोटात खड्डा पडतो."

"उघडं राहिलं तर काय होईल, असं वाटतं?"

त्यानं वहिनीकडे चोरून बघितलं. बाईंनी वहिनीला आणि सासूबाईंना बाहेर थांबायला सांगू का, असं विचारलं. तो नको म्हणाला. भिंतीकडे बघत बोलायला लागला.

"पाणी नसतं तेव्हा चारीत पोरं खेळतात. चिमी पण खेळते. मला दिसतं की दार उघडं राहिलं, पाणी आलं आणि ती..." त्यानं हात गुडघ्याशी नेला. "गुडघाभर सुद्धा पाणी नसतं त्या चारीत. मला माहीत आहे. तरी दिसतं. आणि मग मनात येतं, मलाच तसं व्हायला हवं असेल, म्हणून तर मी दार उघडं ठेवलं नसेल? बाप म्हणवून घ्यायची लाज वाटते."

वहिनीचा हात तोंडावर गेला. इतकी वर्षं एका अंथरुणावर झोपून तिला याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरीणबाई पुढं वाकल्या. "माझ्याकडे बघा. तुमच्यासारखा त्रास असलेली कितीतरी माणसं या खुर्चीवर बसून गेलीत. बाळाला दूध पाजणारी आई असते, तिला दिसतं, आपल्या हातून बाळ पडतंय. ज्याला जो जीव सगळ्यात प्यारा, त्याच्याबद्दलच असला विचार येऊन चावतो. तुम्हाला तो नकोसा वाटतो, त्याला घाबरून तुम्ही हात सोलवटून घेता. तुमच्या मनात मुलीचं वाईट असतं, तर हात असे झाले नसते."

पाटकरी रडला. मोठा माणूस रडतो तसा, आधी आवाज न करता आणि मग आवरेनासा होऊन.

मग त्यांनी लहानपणाचं विचारलं. सासूबाईंनी आपली ठेवणीतली गोष्ट सांगायला घेतली, शेळ्यांची कडी, खोडलेली ओळ. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "म्हणजे... तेव्हापासनं?"

"बऱ्याच जणांना लहानपणीच सुरू होतं, आजी. पोर सांगत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांच्याच मनात असं चालतं. मोठ्यांना ते कधी शहाणं वाटतं, कधी हट्टी. तुम्हाला कोण सांगणार होतं? ओसीडी म्हणतात याला. आपल्याकडे जुना शब्द आहे, मंत्रचळ."

"अगोबाई, मंत्रचळ!" सासूबाई म्हणाल्या. "आम्ही तर येताजाता म्हणतो की तो शब्द. कुणी चारदा हात धुतले की मंत्रचळ. हा आजार असतो होय?"

"चारदा हात धुणं म्हणजे आजार नाही. दिवस खाऊन टाकतो, काम खाऊन टाकतो, तेव्हा आजार. आणि याला औषध आहे." त्यांनी पाटकऱ्याकडे बघितलं. "काम झालं की आपल्या मनात एक घंटा वाजते, झालं म्हणून. तुमचं दार बंद होतं, पण घंटा वाजत नाही. म्हणून तुम्ही परत जाता. गोळ्या देते, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील. पण खरं काम तुमचं आहे. दार एकदाच पाडायचं, कुलूप घालायचं आणि निघायचं. पोटात खड्डा पडेल. पडू द्यायचा. सुरुवातीला रोज एकच दार, सगळ्यात सोपं वाटेल ते. खड्डा आपोआप भरतो, हे शरीराला कळू द्यायचं."

मग त्या वहिनीकडे वळल्या. "आणि तुम्ही. 'लागलंय हो' म्हणणं बंद करायचं."

"पण त्यांना तेवढ्यानंच बरं वाटतं!"

"खाजवल्यावरही बरं वाटतं. पण खाज वाढते. त्यांनी विचारलं तर सांगायचं, माहीत नाही."

वहिनीला आयुष्यात कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी घराजवळचं छोटं दार निवडलं. पाटकऱ्यानं चाक फिरवलं, कुलूप घातलं, आणि सायकल हातात धरून दोघं चालायला लागले. त्या वाटेवरही एक बाभूळ होती, तिथं त्याचे पाय अडले. कपाळावर घाम, मिशीवर घाम.

"लागलंय ना गं?"

वहिनीनं ओठ दातांखाली धरला. "माहीत नाही."

"अगं, तू होतीस की शेजारी!"

"माहीत नाही मला."

"एवढं एक सांगायला काय जातं तुझं?" तो ओरडला. पाटावर धुणं धुणाऱ्या बाया बघायला लागल्या. "बायको आहेस की वैरीण?"

वहिनी उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड उघडलं नाही. तो तरातरा मागं गेला, कुलूप ओढलं आणि परत आला. चेहरा पडलेला. "नाही जमलं," म्हणाला. "उद्या," ती म्हणाली.

उद्या पण नाही जमलं. परवा तो बाभळीखाली बसून राहिला, गुडघ्यात डोकं घालून. वहिनी शेजारी बसली. मुंग्यांची एक रांग त्याच्या पायावरून चढून पलीकडे उतरली. सावली सरकली. आणि मग त्यानं मान वर केली आणि नवल वाटल्यासारखं म्हणाला, "कमी झालं." उठून तो घराकडे चालायला लागला, मागं न बघता. वहिनीला पळत जाऊन साऱ्या गावाला सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय? माझा नवरा कुलूप न बघता घरी आला?

शेवटी सांगावंच लागलं. पुढची पाळी तोंडावर आली होती, आणि मोठ्या दारांशी पाटकरी अजून अडत होता. त्याला विचारूनच ती कांदेवाल्याच्या मळ्यात गेली. "सांग," तो म्हणाला होता, "चोरापेक्षा आजारी बरा."

कांदेवाला वाफ्यात खुरपत होता. तिनं उभ्या उभ्या सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, बाभूळ आणि 'माहीत नाही'. चिमीचं तेवढं सांगितलं नाही, ते त्याचं होतं. कांदेवाल्यानं खुरप्याची माती बोटानं काढली.

"म्हणजे पैसे नाही खाल्ले त्यानं?"

"नाही."

"आणि बंद दार बंद आहे का, हेच बघत होता?"

"हो."

"च्यायला," तो म्हणाला. मग म्हणाला, "हे बघा वहिनी, मला पाणी पाहिजे. तो आजारी असो, साधू असो, मला पाणी पाहिजे. त्यासाठी काय करायचं ते सांगा."

तिनं सांगितलं.

पुढच्या पाळीला पाटावर जे झालं, ते बघायला डॉक्टरीणबाई हव्या होत्या. कांदेवाल्यानं आपल्या चौघांना पढवून ठेवलं होतं, आणि त्यांनी आणखी दहा जणांना. पाटकऱ्यानं वरचं दार पाडलं, चार पावलं गेला आणि सवयीनं बांधावरच्या माणसाला विचारलं, "लागलंय ना रे?"

"माहीत नाही बुवा!"

पुढं गवत कापणारी म्हातारी भेटली. तिनं तर विचारायच्या आधीच हात हलवला. "मला काही विचारू नकोस, मला काही माहीत नाही!" मेंढरं घेऊन चाललेला धनगर म्हणाला, "मी तर आजच आलो इकडं." पाटकऱ्याला आधी राग आला. मग पुलाजवळ ट्रॅक्टरवरचा माणूस लांबूनच ओरडला, "माहीत नाही!" तेव्हा त्याला हसू फुटलं. घाबरलेला होता, आणि तरी तो हसत होता. पोटातल्या खड्ड्यासकट त्यानं सायकल पुढं हाणली.

एका दारापाशी तो हरलाच. तीनदा मागं गेला. सगळ्यांनी बघितलं. चौथ्यांदा मात्र कांदेवाला त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर येऊन बसला. "चल, मला घरापर्यंत सोड. पाय दुखतात माझे." एवढा आडवा माणूस मागं बसल्यावर सायकल वळवणं सोपं नव्हतं. पाटकरी पेडल मारत सुटला.

शेवटच्या चारीला पाणी वेळेवर पोहोचलं. दिवस चांगला वर असताना पोहोचलं. आधी वाळक्या पानांचा, काटक्यांचा केर आला, मग फेस, मग लाल गढूळ पाणी. कांदेवाल्यानं फावड्यानं पहिल्या वाफ्याचं तोंड फोडलं. साहेब जीपमधून आले, उतरले, चारीकडे बघितलं. "चाव्या तुझ्याकडेच असू देत," एवढंच म्हणाले आणि गेले.

गोळ्या चालू होत्या. बुधवार चालू होते. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, एका पाळीत पूर्ण बरं होत नाही कुणी, कधी पुढं, कधी मागं. तसंच झालं. पण हातांना नवी कातडी आली, आणि वहिनीनं रोपवाटिकेत एकदा सलग दिवसभर पिशव्या भरल्या, कुंपणाकडे एकदाही न उठता. मुकादमीण म्हणाली, "आज तुमच्या कुलपांना सुट्टी वाटतं." या वेळी वहिनी खळखळून हसली. घरी जाताना ती वाट वाकडी करून नर्सबाईंकडे गेली. आभार कसे मानतात तिला माहीत नव्हतं. दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही हात बघितलेत त्यांचे, म्हणून." नर्सबाईंनी तिला आत ओढून बसवलं आणि प्यायला पाणी दिलं.

चिमीबद्दलही तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. पोरगी दप्तराचे बंद सारखे तपासायला लागली होती. बाईंनी चिमीशी निवांत गप्पा मारल्या, चित्र काढायला लावलं. मग म्हणाल्या, "आत्ता तरी आजार वाटत नाही. घाबरली होती, बापाचं बघून करत होती. पण लक्ष ठेवा. आणि वाढलं, तर या वेळी तुम्हाला कुठं यायचं ते माहीत आहे." सासूबाई हे ऐकत होत्या. घरी आल्यावर त्यांनी चिमीला मांडीवर घेतलं. ती मांडीत मावत नव्हती, तरी घेतलं. म्हणाल्या, "काही नको ते मनात आलं तर आजीला सांगायचं. आजी रागावत नाही आणि शाबासकीही देत नाही. नुसतं ऐकते."

त्या हंगामातल्या शेवटच्या पाळीतली गोष्ट. वहिनी दुपारी घरी आली तर अंगणातल्या लिंबाखाली पाटकरी बाजेवर झोपला होता. पाटाला पाणी चालू होतं, वरचं दार लांब, मैलभरावर. आणि हा झोपला होता. तोंड किंचित उघडं, एक हात बाजेखाली लोंबत असलेला, चाव्यांचा जुडगा उशाला. पाळीच्या दिवसांत दुपारी झोपलेला नवरा वहिनीनं लग्नापासून पाहिला नव्हता. ती पायरीवर बसली आणि बघत राहिली. कुणाकुणाचे उपकार मानायचे याचा हिशोब मनात लागेना. डॉक्टरीणबाई, नर्सबाई, गवतवाली म्हातारी, पाटावरचे सगळे खोटारडे.

फाटक वाजलं. कांदेवाला आला होता, खांद्यावर कांद्याचं अर्धं पोतं. तोंड उघडून काही मोठ्यानं म्हणणार, तेवढ्यात त्याला बाज दिसली. त्यानं पोतं असं हळू उतरवलं, जसं तान्हं पोर उतरवावं.

"कोण आलंय गं?" सासूबाई आतून ओरडल्या.

कांदेवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं. "झोपू दे त्याला," तो कुजबुजला. त्याच्या तोंडून कुजबुज निघू शकते हे वहिनीला त्या दिवशी कळलं. तो पायरीच्या खालच्या बाजूला बसला. सासूबाई बाहेर आल्या, बघितलं आणि त्याही बसल्या. कोंबड्या बाजेखाली आल्या, त्यांना त्यांनी नुसत्या पदरानं हाकललं. वारा आला की लिंबाची पिवळी पानं त्याच्या अंगावर पडत होती.

मग त्यानं डोळे उघडले. उन्हाकडे बघितलं, चाव्यांकडे बघितलं, आणि वहिनीकडे बघितलं. आता काय विचारणार, ते तिला ठाऊक होतं, आणि काय उत्तर द्यायचं तेही.

पाटकऱ्यानं लांबलचक जांभई दिली.

"चहा टाकतेस का गं?" तो म्हणाला. "पाहुणे आलेत."